ऑपरेशन थिएटरमधला निळा दिवा: त्याचा इतिहास आणि त्याची खरी किंमत

गेल्या महिन्यात संध्याकाळच्या ओपीडीत एक तरुण आला. चाकणच्या एका कारखान्यात वेल्डर आहे, राहतो आमच्या काळेवाडीतच. त्याला स्वतःला काही झालं नव्हतं. आईचा गुडघा बदलायचं ठरलं होतं आणि त्याच्या हातात दोन हॉस्पिटलांची एस्टिमेट होती. एकाचा आकडा बराच मोठा होता. त्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "सर, इथं ओटीत यूव्ही लाइट आहे. जंतू राहतच नाहीत म्हणाले. आईला शुगर आहे, म्हणून भीती वाटते. पैसे जास्त गेले तरी चालतील, पण इन्फेक्शन नको. इथंच करू ना?"

दोन मिनिटांत उत्तर द्यावं असा हा प्रश्न नाही. बाहेर पेशंट थांबले होते, म्हणून त्याला आईचे रिपोर्ट घेऊन पुन्हा यायला सांगितलं. सविस्तर उत्तर इथे लिहितो, कारण हा प्रश्न विचारणारा तो एकटा नाही. करोनानंतर 'यूव्ही' हा शब्द घराघरात पोहोचला आहे आणि हॉस्पिटलांच्या जाहिरातींतही दिसतो. पण ही गोष्ट नवी नाही. ऑपरेशन चालू असताना हा दिवा पहिल्यांदा लागला तो १९३६ मध्ये. तो का लागला, का विझला आणि आता पुन्हा का आठवतो आहे, हे समजलं की त्याची खरी किंमतही समजते. या इतिहासाचं एक पान आपल्या पिंपरीशीही जोडलेलं आहे. पण सुरुवात करू पुण्यापासून.

ससून, जानेवारी १९२४

महात्मा गांधी तेव्हा येरवड्याच्या तुरुंगात शिक्षा भोगत होते. पोटात दुखू लागलं, ताप आला आणि अपेंडिक्सला सूज आल्याचं निदान झालं. १२ जानेवारी १९२४ रोजी त्यांना ससून हॉस्पिटलमध्ये हलवलं. मुंबईहून त्यांच्या ओळखीचे डॉक्टर येईपर्यंत थांबणं धोक्याचं होतं. श्रीनिवास शास्त्रींना बोलावून घेतलं गेलं, त्यांच्यासमोर गांधीजींनी संमतीपत्रावर सही केली आणि त्याच रात्री कर्नल मॅडॉक या इंग्रज सर्जननी ऑपरेशन केलं.

ऑपरेशन चालू असताना वादळ होतं. मध्येच विजेचा दिवा गेला. मग टॉर्च धरला, तोही बंद पडला. शेवटचा भाग कंदिलाच्या उजेडात पूर्ण करावा लागला. ससूनमध्ये ती खोली आजही स्मारक म्हणून जपलेली आहे.

ही कंदिलाची गोष्ट पुणेकरांनी ऐकलेली असते. पुढची कमी जणांना माहीत असते. ऑपरेशन यशस्वी झालं, पण नंतर त्या जागी गळू झालं आणि बरं व्हायला अपेक्षेपेक्षा जास्त दिवस लागले. शेवटी ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांची बिनशर्त सुटका केली.

देशातला सर्वात महत्त्वाचा कैदी, पुण्यातलं सर्वात मोठं हॉस्पिटल, अनुभवी सर्जन. तरीही पू झाला. आणि पू झाल्यावर द्यायला औषध नव्हतं. पेनिसिलिनचा शोध लागायला अजून चार वर्षं होती आणि ते बाटलीत यायला त्याहून बरीच जास्त. हत्यारं निर्जंतुक करणं, हात धुणं, हातमोजे घालणं या गोष्टी तोपर्यंत रूढ झाल्या होत्या. पण जंतू एकदा जखमेत शिरला की डॉक्टरांच्या हातात पू काढून टाकणं, जखम साफ ठेवणं आणि वाट पाहणं एवढंच होतं. त्या काळच्या सर्जनांना जखम चिघळण्याची किती धास्ती असेल, याची आज कल्पना करणंही अवघड आहे. निळ्या दिव्याचा जन्म त्या धास्तीतून झाला.

उन्हापासून दिव्यापर्यंत

उन्हात कपडे, गाद्या, धान्य वाळवायचं, हे आपल्या घरात कुणी शिकवावं लागत नाही. उन्हाने जंतू मरतात हे प्रयोगाने दाखवलं डाउन्स आणि ब्लंट या दोन इंग्रज संशोधकांनी, १८७७ मध्ये. जंतू वाढतील असं द्रावण त्यांनी काचेच्या नळ्यांत भरलं. काही नळ्या उन्हात ठेवल्या, काही झाकून. झाकलेल्या नळ्या गढूळ झाल्या, उन्हातल्या स्वच्छ राहिल्या. हा परिणाम उष्णतेचा नसून प्रकाशाचा आहे आणि त्यातही निळ्या-जांभळ्या बाजूच्या किरणांचा जास्त आहे, हेही त्यांच्या लक्षात आलं.

त्यानंतर डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांनी कृत्रिम प्रकाशाने त्वचेच्या क्षयावर उपचार केले आणि १९०३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. प्रकाश हेसुद्धा औषध असू शकतं, ही कल्पना वैद्यकात रुजली ती तिथून.

जांभळ्या रंगाच्या पलीकडे, डोळ्यांना न दिसणारे जे किरण असतात ते अतिनील, म्हणजेच यूव्ही. त्यांचे लांबीनुसार तीन गट आहेत: ए, बी आणि सी. सर्वात आखूड लांबीचे सी किरण जंतूंना सर्वात घातक असतात. सूर्याचे सी किरण वातावरणातच अडतात, आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत. ते हवे असतील तर दिवा लागतो. पाऱ्याची वाफ भरलेल्या नळीतून वीज सोडली की २५४ नॅनोमीटरचे सी किरण भरपूर मिळतात. हे किरण जंतूच्या डीएनएमध्ये शिरतात आणि शेजारशेजारचे दुवे एकमेकांना चिकटवून टाकतात. चेन अडकली की ती पुढे सरकत नाही, तसं काहीसं होतं. जंतूला स्वतःची प्रत काढता येत नाही आणि त्याची वाढ थांबते.

एक गोष्ट इथेच सांगतो. दिव्याचा जो निळसर उजेड आपल्याला दिसतो, तो जंतू मारणारा किरण नव्हे. मारणारा किरण दिसतच नाही. नळी जुनी झाली किंवा तिच्यावर धूळ बसली, तर उजेड तसाच निळा दिसतो, पण किरणांचा जोर कमी झालेला असतो. म्हणजे दिवा 'चालू आहे' आणि दिवा 'काम करतो आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ड्यूक हॉस्पिटलचे डॉक्टर हार्ट

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात ड्यूक विद्यापीठाचं हॉस्पिटल १९३० मध्ये सुरू झालं. शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख होते डेरिल हार्ट. नवी इमारत, उत्तम शिस्त, तरीही स्वच्छ ऑपरेशनच्या जखमा चिघळत होत्या. विशेषतः क्षयरोग्यांच्या फासळ्या काढण्याची जी मोठी ऑपरेशनं तेव्हा होत, त्यांत काही पेशंट दगावत होते. हार्ट यांनी हात, हत्यारं, कपडे, दोरे सगळं तपासलं. दोष सापडेना.

मग त्यांनी जंतू वाढवण्याच्या उघड्या बशा ऑपरेशन चालू असताना थिएटरमध्ये ठेवल्या. त्यांत स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा पू करणारा जंतू वाढला. खोलीत माणसं जितकी जास्त, तितके जंतू जास्त. म्हणजे जंतू हवेतून पडत होते आणि हवेत येत होते ते तिथल्याच माणसांच्या नाकातोंडातून आणि अंगावरून. जखम तासन्‌तास उघडी, आणि तिच्यावर हा न दिसणारा पाऊस चालू.

जानेवारी १९३६ मध्ये हार्ट यांनी ऑपरेशन टेबलाच्या वर यूव्ही दिवे लावले. खोली रिकामी असताना नाही, प्रत्यक्ष ऑपरेशन चालू असताना, जखम उघडी असताना. त्यामुळे सर्जन आणि नर्स यांना डोळ्यांवर चष्मा किंवा आडोसा, डोक्यावर टोपडं, आणि सगळी त्वचा झाकणारे कपडे घालावे लागत. पेशंटचंही जखमेखेरीज सारं अंग झाकलेलं असे. गैरसोय होती, पण आकडे बोलके होते. पुढच्या वर्षांत हार्ट यांनी जे अहवाल दिले, त्यांनुसार स्वच्छ ऑपरेशनमध्ये जखम चिघळण्याचं प्रमाण शंभरात दहाहून अधिक होतं, ते एकाच्याही खाली आलं.

असा निकाल ऐकल्यावर आपल्याला वाटेल की जगभर सगळीकडे हे दिवे लागले असतील. तसं झालं नाही. त्याची दोन कारणं आहेत. त्यातल्या एकाचा पत्ता पिंपरीचा.

पिंपरीची बुरशी

काळेवाडीचा पवनेवरचा पूल ओलांडून पिंपरीत गेलं आणि मुंबई-पुणे रस्त्याला लागलं की हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा परिसर लागतो. आपल्याकडे सगळे 'एचए' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने भारत सरकारने १९५४ मध्ये ही कंपनी स्थापन केली आणि १९५५ पासून इथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. पिंपरी-चिंचवड आज मोटारींच्या कारखान्यांसाठी ओळखलं जातं, पण इथल्या औद्योगिक वाढीच्या सुरुवातीच्या मोठ्या नावांपैकी एक औषधाच्या कारखान्याचं आहे. ज्या देशात पेनिसिलिन परदेशातून आणावं लागे, तिथे ते सरकारी दवाखान्यातल्या गरिबालाही मिळू लागलं.

पेनिसिलिन आलं आणि सर्जनांची ती जुनी धास्ती कमी झाली. जखम चिघळली तर आता इंजेक्शन होतं. मग डोळे जपत, टोपडं घालून, दिव्याखाली ऑपरेशन कशाला करायचं? दिवा मागे पडण्याचं पहिलं कारण हे.

यात एक गंमत आहे. पेनिसिलिन ज्या बुरशीपासून मिळतं, ती सुरुवातीला फारच थोडं औषध द्यायची. १९४३ मध्ये अमेरिकेतल्या पिओरिया गावी एका खरबुजावर जास्त औषध देणारी बुरशी सापडली. शास्त्रज्ञांनी तिच्या वंशाला आधी क्ष-किरण दिले, आणि मग विस्कॉन्सिन विद्यापीठात अतिनील किरण दिले. डीएनएत बदल घडवून आणायचे आणि जास्त पीक देणारा वाण निवडायचा, अशी ही पद्धत. अतिनील किरणांतून निघालेला 'क्यू-१७६' हा वाण पुढच्या बहुतेक औद्योगिक वाणांचा पूर्वज ठरला. थोडक्यात, ज्या औषधाने थिएटरमधला यूव्ही दिवा विझवला, ते औषध स्वस्त होण्यात यूव्ही किरणांचाच हात होता.

पण जंतू गप्प बसले नाहीत. लंडनच्या एका हॉस्पिटलमध्ये मेरी बार्बर या डॉक्टर स्टॅफिलोकॉकसचे नमुने तपासत होत्या. १९४८ पर्यंत त्यातले निम्म्याहून जास्त जंतू पेनिसिलिनला दाद देईनासे झाले होते. पुढे मेथिसिलिन आलं आणि १९६१ मध्ये त्यालाही न जुमानणारा जंतू नोंदवला गेला. त्यालाच आज आपण 'एमआरएसए' म्हणतो.

म्हणून १९५० च्या दशकाच्या शेवटी पुन्हा प्रश्न उभा राहिला: औषध कमी पडतंय, तर हार्ट यांचा दिवा परत आणायचा का?

१५,६१३ ऑपरेशनांचा निकाल

या वेळी अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने नीट परीक्षा घेतली. पाच संस्थांची हॉस्पिटलं, १४,८५४ पेशंट, १५,६१३ ऑपरेशनं. थिएटरमध्ये कधी खरे यूव्ही दिवे लावले, कधी दिसायला सारखे पण जंतुनाशक किरण न देणारे. निकाल १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला.

हवेतले जंतू दिव्यांमुळे खरोखरच निम्म्याहून कमी झाले. पण जखमा चिघळण्याचं एकूण प्रमाण? दिव्याखाली ७.४ टक्के, दिव्याविना ७.५ टक्के. जवळपास काहीच फरक नाही.

दिवा मागे पडण्याचं हे दुसरं कारण. पुढे १९९९ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने आपल्या मार्गदर्शक सूचनांत जखमेचा संसर्ग टाळण्यासाठी थिएटरमध्ये यूव्ही वापरू नये, असंच लिहिलं.

मात्र त्या १९६४ च्या अभ्यासात आणखी एक आकडा आहे आणि माझ्या मते तो सर्वात शिकवणारा आहे. डॉक्टरांनी जखमांची वर्गवारी केली होती: अगदी स्वच्छ, थोड्या दूषित, दूषित आणि आधीच पू असलेल्या. आज सर्जन जखमांचे जे चार वर्ग मानतात, त्यांचं मूळ याच अभ्यासात आहे. त्यातल्या अगदी स्वच्छ, आधीपासून ठरवून केलेल्या ऑपरेशनमध्ये दिव्याचा फायदा दिसला: ३.८ टक्क्यांवरून २.९ टक्के. बाकी जखमांत नाही.

कारण विचार केला तर सोपं आहे. अपेंडिक्स, आतडं, पित्ताशय, फुटलेलं गळू अशा ऑपरेशनमध्ये जंतू पेशंटच्या पोटातूनच येतात. वरून येणाऱ्या चार-दोन जंतूंना तिथे कोण विचारतो? ससूनमधल्या त्या रात्री विजेचा दिवा गेला नसता आणि जोडीला यूव्ही दिवेही असते, तरी सुजलेल्या अपेंडिक्सच्या जखमेला त्यांचा बहुधा फारसा उपयोग झाला नसता. पण गुडघा किंवा खुबा बदलताना जागा मुळात जंतुरहित असते आणि आत धातू-प्लॅस्टिकची वस्तू कायमची बसवायची असते. अशा वस्तूवर थोडेसे जंतू बसले तरी ते चिवट थर करून राहतात आणि औषध तिथपर्यंत नीट पोहोचत नाही. तिथे हवेतला जंतूही महाग पडतो.

हे पुढे दुसऱ्या मार्गाने सिद्ध झालं. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी खुबा बदलण्याचं ऑपरेशन रूढ करताना हवा गाळून घेण्यावर भर दिला. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठ हजारांहून अधिक ऑपरेशनांच्या ब्रिटिश अभ्यासात अतिस्वच्छ हवेने खोल संसर्ग निम्म्याहून कमी झाल्याचं दिसलं. अमेरिकेत मेरिल रिटर या सर्जननी १९ वर्षांतल्या ५,९८० सांधेरोपणांचा हिशेब २००७ मध्ये मांडला: यूव्हीविना १.७७ टक्के, यूव्हीसह ०.५७ टक्के. आकडा चांगला आहे. पण हा एकाच सर्जनचा, आधीच्या आणि नंतरच्या काळाची तुलना करणारा हिशेब आहे. त्या १९ वर्षांत आणखीही बरंच काही सुधारलं असणार. शिवाय गाळलेल्या हवेचं महत्त्वही पुढे वादात सापडलं. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांधेरोपणासाठी खास 'लॅमिनार फ्लो' यंत्रणा संसर्ग टाळण्याकरता वापरू नये, असा सल्ला दिला, कारण नंतरच्या मोठ्या नोंदींत तिचा फायदा दिसला नाही.

म्हणजे यंत्र कुठलंही असो, 'हे लावलं की जंतू संपले' असं इतिहासात एकदाही झालेलं नाही.

मग फरक कशाने पडला?

१९६४ च्या त्याच अभ्यासाने आणि त्यानंतरच्या संशोधनाने लक्ष हवेवरून पेशंटकडे वळवलं. आणि तिथे जे सापडलं ते दिव्यापेक्षा कितीतरी स्वस्त होतं.

वस्तऱ्याचंच पाहा. ऑपरेशनच्या आदल्या रात्री केस वस्तऱ्याने काढणं ही जुनी पद्धत. मी इंटर्न होतो तेव्हाही वॉर्डात रात्री हेच काम चालायचं आणि ती स्वच्छता समजली जायची. १९७१ मधल्या एका अभ्यासात वस्तरा वापरलेल्यांत ५.६ टक्के जखमा चिघळल्या, आणि केस न काढलेल्या किंवा क्रीमने काढलेल्यांत ०.६ टक्के. वस्तऱ्याने त्वचेवर न दिसणाऱ्या चिरा पडतात आणि रात्रभरात त्यांत जंतू वाढतात. आज सल्ला असा: केस काढूच नका. काढावेच लागले तर क्लिपरने.

अँटिबायोटिकची वेळ ही दुसरी गोष्ट. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २,८४७ पेशंटांच्या अभ्यासात, चीर देण्याआधीच्या दोन तासांत औषध मिळालेल्यांना सर्वात कमी संसर्ग झाला. चीर देण्याच्या क्षणी औषध रक्तात हजर हवं. नंतर पाच-सात दिवस गोळ्या देत राहण्याने ती उशिराची भरपाई होत नाही, उलट औषधाला दाद न देणारे जंतू तयार व्हायला मदत होते.

त्याच काळात आपल्याकडे शनिवारी रात्री थिएटर बंद करून फॉर्मॅलिनची धुरी द्यायचे. सोमवारी आत शिरलं की डोळ्यांतून पाणी. ज्यांचे डोळे जास्त चुरचुरतील ते थिएटर जास्त 'स्टराइल', अशी आमची भाबडी समजूत होती. नंतर भिंतीवर यूव्हीच्या नळ्या आल्या, रात्रभर चालू ठेवायच्या. धुरी गेली ते बरंच झालं, पण समजूत तीच राहिली. सोमवारी सकाळी दहा माणसं थिएटरमध्ये शिरली, दार सारखं उघडझाप होऊ लागलं, की रात्री निर्जंतुक केलेली हवा अर्ध्या तासात पूर्वीसारखी. हार्ट यांचा दिवा ऑपरेशन चालू असताना लागायचा. आपला लागतो खोली रिकामी असताना. दोन्हींचं नाव एक, काम वेगळं.

दिवा परत का आठवतो आहे?

कारण अँटिबायोटिक पुन्हा कमी पडू लागली आहेत. त्यामुळे जंतू अंगात शिरायच्या आधीच अडवण्याचे जुने मार्ग पुन्हा तपासले जात आहेत.

२०१७ मध्ये ड्यूकच्याच संशोधकांनी नऊ हॉस्पिटलांतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. पेशंट घरी गेल्यावर नेहमीच्या सफाईनंतर खोलीत यूव्ही यंत्र चालवलं, तर त्या खोलीत पुढे येणाऱ्या पेशंटला चिवट जंतूंची लागण होण्याचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी झालं. सफाईच्या ऐवजी नव्हे, सफाईनंतर. किरण सरळ जातात, सावलीत पोहोचत नाहीत आणि धुळीच्या, रक्ताच्या थराखालचे जंतू वाचतात. म्हणून आधी फडकं, मग दिवा. करोनाच्या काळात मे २०२० मध्ये डीआरडीओने जे यूव्ही यंत्र तयार केलं, तेही रिकाम्या खोलीसाठी, बाहेरून चालवायचं होतं.

दुसरा नवा विचार आहे तो 'दूर-यूव्हीसी' किरणांचा. २०१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०७ नॅनोमीटरच्या किरणांवर काम प्रसिद्ध केलं, तेही जखमेचा संसर्ग टाळण्याचाच हेतू ठेवून. आता २२२ नॅनोमीटरवर जास्त काम चालू आहे. हे किरण त्वचेच्या वरच्या मृत थरातच अडतात, पण जंतू इतका लहान असतो की त्याच्या आरपार जातात. हे दीर्घकाळ सुरक्षित आणि उपयोगी ठरलं, तर हार्ट यांची कल्पना टोपडं-चष्म्याविना पुन्हा वापरता येईल. संशोधन चालू आहे. सरसकट वापरावं अशी शिफारस करण्याची वेळ अजून आलेली नाही.

घरातले निळे दिवे

आपल्या भागात वेल्डिंगचं काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. काच न लावता वेल्डिंग पाहिलं की त्या वेळी काही होत नाही. रात्री मात्र डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग, पाणी आणि उजेड सहन न होणं. 'डोळ्यांना वेल्डिंग लागलं' म्हणून मध्यरात्री दार वाजवणारे पेशंट मी दरवर्षी पाहतो. ती इजा अतिनील किरणांचीच. करोनात भाजी, मोबाइल आणि मास्कसाठी घेतलेल्या यूव्ही दिव्यांनीही तेच होऊ शकतं. घरात असा उघडा दिवा असेल, तर मुलांच्या हाती लागू देऊ नका, त्याच्याकडे पाहू नका, हातावर धरू नका. साबण-पाण्याने जे काम होतं, त्याला हा दिवा लागत नाही.

हॉस्पिटलला काय विचारावं?

यूव्ही आहे का, हा प्रश्न शेवटी विचारा. त्याआधी हे विचारा:

१. तुमच्याकडे अशा ऑपरेशननंतर संसर्ग किती जणांना होतो, याची नोंद ठेवता का?
२. अँटिबायोटिक चीर देण्याच्या किती आधी देता?
३. केस कशाने काढता?
४. हत्यारं नीट निर्जंतुक झाली की नाही, हे प्रत्येक वेळी कसं तपासता?
५. ऑपरेशनच्या वेळी थिएटरमध्ये किती माणसं असतात?

आणि काही गोष्टी तुमच्या हातात आहेत. साखर आटोक्यात आणा. एचबीए१सी आठच्या आत, शक्यतो साडेसातच्या आत. तंबाखू, बिडी, सिगारेट काही आठवडे आधी बंद करा. दात किडलेला, लघवीला जळजळ, पायाच्या बोटांत चिखल्या, टाचेला भेग असं काहीही असेल, तर ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना दाखवा, लपवू नका. ऑपरेशनच्या आधी साबण लावून स्वच्छ आंघोळ करा. भेटायला येणाऱ्यांची गर्दी टाळा आणि आलेल्यांनी हात धुतल्याशिवाय पेशंटच्या जवळ जाऊ नये.

तो वेल्डर मुलगा ठरल्याप्रमाणे आईला घेऊन आला. मी चपला काढायला सांगितल्या. उजव्या टाचेला खोल भेग, आत पू. एचबीए१सी साडेनऊ. दोन्ही हॉस्पिटलांच्या एस्टिमेटमध्ये याचा उल्लेख नव्हता, कारण माउलींनी कुणाला पाय दाखवलाच नव्हता. "गुडघ्याचं ऑपरेशन आहे, टाचेचं काय एवढं," असं त्यांचं म्हणणं. ऑपरेशन पुढे ढकललं आहे. टाच भरून येते आहे, साखर उतरते आहे, मुलगा दर आठवड्याला रीडिंग लिहून आणतो. तारीख नंतर ठरवू. कुठल्या हॉस्पिटलात करायचं, तेही तेव्हा वरचे पाच प्रश्न विचारून ठरवू, असं त्याने स्वतःच सांगितलं.